पुस्तकास शेवट नाही

आमगव्हाणचं वाचनालय 'ड' वर्गातलं,
'इ' वर्ग सरकारनं काढलाच नाही म्हनून.
दोन कपाटं, एक पंखा, एक मी.
पंखा फिरते तवा पुस्तकं आपोआप चाळल्या जातात,
तेवढाच वाचक रजिस्टरात धरतो.

पन एका पुस्तकाले उसंत नाही.
दाखल क्रमांक तीनशे अकरा,
'सातव्या कंदिलाचं रहस्य'.
पाठीले चिकटपट्टी, पोटाले सुतळी,
अन् पान एकशे ब्यान्नवच्या पुढं
निरा पुठ्ठा.

शेवटची चार पानं कोनं फाडली
हे पुस्तकातल्या खुनापेक्षा मोठं कोडं.
सारे म्हनतात, खर्र्याच्या पुडीले गेली.
पानठेल्यावाला उमेश शपथ घेते :
"आपन पन्नीत घोटतो भाऊ,
कागदात चुना बसते का कधी?"

कवडू भोयर टेलरनं नेलं,
आठव्या दिवशी तोंड पाडून आला.
"खून कोनं केला सांग!
बायकोले म्हनून बसलो, आज कळते."
म्या म्हटलं, बाप्पा, मी ग्रंथपाल हाय, साक्षीदार नाही.
मंग त्यानंच कानावरची पेन्सिल काढली
अन् पुठ्ठ्याच्या आंगच्या बाजूनं लिवलं :
'खून माळ्यानं केला. कारन बाकी साऱ्याईचे कपडे सांगतले,
याच्या सदऱ्याचं नावच नाही.'

त्याच्याखाली मनकर्णाबाई नासरे, आंगनवाडीवाली :
'माळी गरीब हाय. गरिबावर कायले घेता?
खून डॉक्टरनं केला. सुई देताना हसते तो.'
त्याच्याखाली उपकेंद्राच्या सिस्टरनं,
कागद फाटे लोक दाबून :
'सुई देताना हसावंच लागते.'

एक दिवस सारा पुठ्ठा लाल शाईनं तपासलेला.
'कारन' मध्ये न नळाचा नाही, ण बाणाचा.
दहापैकी साडेतीन. सही नाही.
गावात लाल शाई एकाचपाशी हाय,
पन ढोके गुरुजी म्हनतात,
"असलं वाङ्मय मी हाताने शिवत नाही."
पान चाळीसवर त्याईच्या विजेच्या बिलाची खून निंघाली
(म्हंजे खूण. बाणाचा ण.)
म्या बिल घरी नेऊन देल्लं.
गुरुजी हळूच बोलले, "चाळीसवर होतो ना मी?"

पुठ्ठा भरला, म्या दोनशे पानी वही जोडली.
ते बी भरत आली.
खुनी आतापावतर सतरा झाले,
मेलेला मानूस दोनदा उठून बसला,
अन् कोन्या तरी पोरानं मधातच लिवलं,
'शीतल, उत्तर दे.'
ते कंदिलाबद्दल नसावं.

यवतमाळहून निरीक्षक साहेब आले.
पाच मिन्टासाठी वही उघडली,
साडेपाचची एसटी गेली, सातची बी गेली.
जाताना शेरा मारला :
'क्र. ३११ : पुस्तकास शेवट नाही.
नवीन प्रत तात्काळ मागवावी.'
अन् वहीत, बारीक अक्षरात, निळ्या शाईनं :
'माळ्याचे पटत नाही.'

नवी प्रत आली मांगच्या मंगळवारी.
म्या दार लोटलं, चष्मा पुसला,
एकशे त्र्यान्नव उघडलं.
लेखकानं ऐन वक्ताले खुनी म्हनून
मेलेल्याचा जुळा भाऊ आनला होता, बंगालहून,
ज्याचं नाव आधी एका ओळीत नाही!

मी लय वेळ पंख्याकडं पाहत बसलो.
कवडूची पेन्सिल आठवली,
मनकर्णाबाईची चप्पल बी आठवली.
ज्या कोनं जुनी चार पानं फाडली असतील
तो मानूस खर्रा खानारा नव्हता,
चांगला वाचनारा होता, एवढं समजलं.

रजिस्टरात नोंद घेतली, सुवाच्य अक्षरात :
'नवीन प्रत प्राप्त. स्थिती उत्तम.
पाने १९२.'